मिलिटरी डिस्पोजलची जोंगा : पासिंग कसं करायचं?

सह्यवाट

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

बाबा लष्करात ईएमईला, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होते. त्यांच्या नोकरीचा मोठा काळ जोंगाच्या, म्हणजे फौजेच्या त्या जुन्या जीपसारख्या गाडीच्या, बॉनेटखाली गेला आणि घरात गाडीचा विषय निघाला की अजूनही फिरून फिरून जोंगावरच येतो. तर आता एक जोंगा विकायला आलीय. ज्याच्याकडे आहे त्याने लिलावात घेणाऱ्याकडून ती उचलली आणि मन लावून उभी केलीय, बघितल्यावर कळतं. मूळचंच सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन, पत्रा नवा, हूड नवं, वायरिंग नवी, रंग अर्थातच ऑलिव्ह ग्रीन. बाबांनी बॉनेटला कान लावला आणि म्हणाले टॅपेट जरा वाजतायत, बाकी ठणठणीत.

अडचण एकच. गाडी सिव्हिलमध्ये कधी पासच झालेली नाही. नंबरप्लेटच्या जागी बाणवाला जुना आर्मी नंबर रंगवलाय. मालक म्हणतो लिलावाचे पेपर आहेत, पासिंग आरामात होतं, एजंट बघून घेईल. मला ते 'आरामात' खटकतंय. नक्की कुठले कागद बघायचे, कुणाच्या नावाने असायला हवेत, आणि गाडी आहे तशी पास होईल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आम्हाला ती शोभेला नकोय, घाटवाटांना न्यायचीय.

डिझेलवेडा

फोटो टाका आधी!!

कलम_३९

सह्यवाट, खटकलं ते बरंच झालं. पैसे द्यायच्या आधी ही गाडी कायद्याच्या लेखी कुठे आहे ते समजून घ्या, मग पुढचं सगळं उलगडतं.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ६० बघा. संरक्षणाच्या कामासाठी वापरात असलेली केंद्र सरकारची गाडी लष्कराचीच अथॉरिटी नोंदवते आणि तोवर तिला आरटीओच्या नोंदणीची गरज नसते. बाणवाला नंबर तो हाच. पण ती गाडी सरकारच्या मालकीची राहिली नाही की त्याच कलमात सांगितलंय की आता कलम ३९ आणि ४० लागू. म्हणजे तुमच्या माझ्या गाडीसारखी रीतसर नोंदणी करा मगच रस्त्यावर आणा. थोडक्यात आरटीओच्या दृष्टीने ही जोंगा आज नोंदणी नसलेली गाडी आहे, मग ती लष्करात कितीही वर्षं पळालेली असो.

म्हणून ही ट्रान्सफरची केस नाही, पहिल्या नोंदणीची आहे. अर्ज फॉर्म २० मध्ये. आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ४७ मध्ये फॉर्म २० सोबत काय जोडायचं त्या यादीत एक्स-आर्मी गाड्यांचा वेगळा उल्लेख आहे: संबंधित अधिकाऱ्याने दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २१ मध्ये. मूळ म्हणजे मूळ, झेरॉक्स नव्हे. बाकी विमा, पत्त्याचा पुरावा, फी, टॅक्स वगैरे नेहमीचंच. मालकाला एकच प्रश्न विचारा, 'फॉर्म २१ आहे का आणि त्यावर या गाडीचा चेसिस नंबर आहे का?' उत्तर देताना तो गडबडला तर गाडी कितीही सुंदर असली तरी हात लावू नका.

पाना_चौदा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. गॅरेजच्या बाजूने भर घालतो.

लिलावाचे पेपर हा फार ढिला शब्द आहे. हल्ली लष्कराचा बाद माल बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून जातो आणि तिथे लॉटच्या वर्णनात काय लिहिलंय त्यावर सगळं ठरतं. एखादा लॉट स्क्रॅप म्हणून विकला गेला असेल तर घेणाऱ्याने लोखंड विकत घेतलंय, गाडी नाही. त्याच्याकडे पैसे भरल्याची पावती, माल उचलायची ऑर्डर, गेटपास सगळं असतं, फाइल जाडजूड दिसते, पण त्यात गाडी म्हणून ओळख देणारा कागद नसतो. भंगारात गेलेल्या जोंगा मी आतून कुजलेल्या बघितल्यात तशा अगदी चालू स्थितीतल्याही बघितल्यात, तेव्हा ठणठणीत आहे म्हणजे पास होईल असं अजिबात धरू नका.

दुसरं, टॉर्च घेऊन जा आणि चेसिसवर कोरलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. प्लेटवरचा नाही, चेसिसवरचा. मग इंजिनचा. दोन्ही कागदाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. गाडी रिस्टोअर करताना हे नंबर जातात कसे सांगतो. चेसिस सँडब्लास्ट करतात, खड्डे पडलेल्या जागी वेल्डिंग भरतात, ग्राइंडर फिरवून गुळगुळीत करतात आणि वर जाड प्रायमर. काम एकदम देखणं होतं आणि नंबर त्याच्याखाली कायमचा गेलेला असतो.

चाकोरीबाहेर

एवढं घाबरवू नका राव त्यांना. आमच्या ग्रुपमध्ये डिस्पोजलच्या ढिगाने जीपा आहेत, ऑलिव्ह ग्रीन आहेत, वीकेंडला बिनधास्त फिरतात. कोणी अडवत नाही, उलट पोलीसच सेल्फी काढतात.

कलम_३९

@चाकोरीबाहेर, कोणी अडवलं नाही म्हणजे परवानगी आहे असं होत नाही. बिननोंदणी गाडी रस्त्यावर आणली तर कलम १९२ खाली पहिल्या वेळेला २००० ते ५००० रुपये दंड, परत सापडलात तर १०,००० पर्यंत दंड किंवा कैदही होऊ शकते. पण दंड जाऊ द्या. त्या जीपने उद्या कुणाला ठोकलं तर? थर्ड पार्टी विमा कलम १४६ ने सक्तीचा आहे आणि बिननोंदणी गाडीचा क्लेम लढवणं म्हणजे आयुष्यभराची कमाई पणाला लावणं. ज्याला लागलंय त्याच्या घरच्यांचा विचार करा.

रानजाई

मी लष्करातून आलेली जिप्सी माझ्या नावावर पास करून घेतलीय, तेव्हा जे झालं ते लिहिते. उपयोग होईल.

माझी १.३ ची जिप्सी. फॉर्म २१ थेट माझ्या नावाने होता कारण लिलावात मीच बोली लावली होती, त्यामुळे अर्धी लढाई तिथेच जिंकली होती. डेपोतून गाडी चालवत आणायचा मोह होतो पण नंबर नाही, विमा नाही, तेव्हा टोइंगवाल्याला बोलावून वर चढवून आणली. मग चेसिस नंबरवर विमा उतरवला, फॉर्म २० भरला आणि पासिंगची तारीख मिळाली.

इन्स्पेक्टर साहेबांनी गाडीला एक फेरी मारली आणि थेट चेसिस नंबर मागितला. पेन्सिल छाप घ्यायची असते ना, नंबरवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची. एक आकडा काही केल्या उमटेना. ३ की ८ कळेना. लष्करात दर काही वर्षांनी रंगाचा नवा हात मारतात, त्याचे थरावर थर त्या खाचेत बसले होते. साहेब म्हणाले असं नाही चालणार. मग तिथेच खाली वाकून थिनरमध्ये बुडवलेला कापूस दाबून ठेवला, जुन्या टूथब्रशने हळूहळू घासलं, आधी हिरवा निघाला, मग तांबडा प्रायमर, मग खाली चकचकीत लोखंड आणि त्यात स्वच्छ ८. पुन्हा कागद ठेवला, छाप आली, साहेबांनी कागदाशी ताडून बघितली आणि मगच बाकीची गाडी बघायला घेतली. पत्रा खरवडू नका हं, स्क्रूड्रायव्हर लावलात तर नंबरात फेरफार केल्यासारखं दिसतं.

बाकी तपासणीत अडकायच्या जागा म्हणजे दिवे. आर्मीच्या गाडीला काफिल्यात चालताना लावायचे कॉन्व्हॉय लाइट असतात, ते त्यांच्या कामाचे. सिव्हिलमध्ये चारही इंडिकेटर, ब्रेक लाइट, नंबरप्लेटवरचा दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर, हॉर्न, वायपर, आरसे हे सगळं चालू हवं. माझ्या गाडीच्या नंबरप्लेटचा दिवाच नव्हता, तो आदल्या दिवशी बसवून घेतला म्हणून बरं.

डिझेलवेडा

रानजाई ताई, दंडवत! ३ आणि ८ वालं वाचून अंगावर काटा आला.

गडदनिळा

अवांतर: जोंगा म्हणजे नक्की कुठली गाडी? माझ्या पिढीला जिप्सीच माहीत.

छावणीकर

@गडदनिळा, अवांतर अजिबात नाही, आनंदाने सांगतो. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली, त्याची आद्याक्षरं जोंगा. मूळ निस्सान पॅट्रोलची ६० सिरीज, तिच्यावरून १९६९ पासून जबलपूरला बनायला लागली. ३९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन. पेट्रोल पिते म्हणजे पिते, पण ज्या चढावर बाकी गाड्या दम टाकतात तिथे जोंगा निवांत चढते. तिच्यासोबतचा निस्सानचाच 'वन टन' ट्रक आणि तिसरा शक्तिमान ट्रक, जो जर्मनीच्या मॅन कंपनीच्या लायसन्सवर १९५९ पासून बनत होता. या तिघांवर आमच्या पिढीतल्या फौजेचं दळणवळण उभं होतं. सह्यवाट, तुमच्या बाबांना माझा सॅल्यूट सांगा, ईएमईच्या पोरांनी बर्फात उघड्यावर केलेली कामं मी बघितलीत.

आता रंगाबद्दल बोलतो, कारण वर चाकोरीबाहेर यांनी तो विषय फार हलका केला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ स्पष्ट आहे. संरक्षण खात्याच्या गाडीखेरीज दुसरी कुठलीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवायची नाही. रिस्टोअर केलेली असो, मूळची लष्करी असो, सवलत नाही. आणि हा नियम उगाच नाही. रात्री छावणीच्या गेटवर उभा असलेला जवान दुरून येणाऱ्या गाडीचा आधी रंग बघतो. काफिला चाललेला असतो, मधे एक हिरवी जीप घुसते, मागच्या ड्रायव्हरला ती आपलीच वाटते. तो रंग आमच्यासाठी ओळखपत्र आहे. हौसेने लावलेल्या त्या रंगामुळे ड्युटीवरच्या पोराला क्षणभर शंका घ्यावी की घेऊ नये, असा पेच पडतो. असा पेच त्याच्यावर टाकू नका. बाणाचा नंबर, फॉर्मेशनची (तुकडीची) चिन्हं, बड्या अधिकाऱ्याच्या हुद्द्याची स्टार प्लेट यांचंही तेच.

मला जोंगा वाळूच्या रंगात फार शोभते. राखाडीही छान दिसते. जुना आर्मी नंबर घरात फ्रेम करून लावा, गाडीवर नको.

चाकोरीबाहेर

छावणीकर काका, गेटवरच्या जवानाचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. मान्य. पण मग कंपन्या हिरव्या रंगात गाड्या विकतात त्याचं काय?

छावणीकर

हिरवा रंग कुणाच्या बापाचा नाही. पोपटी घ्या, गडद बाटलीचा घ्या. फौजेची ती मळकी, चमक नसलेली छटा टाळा म्हणजे झालं. शंका असेल तर रंगाचा नमुना घेऊन आधी आरटीओत दाखवा, पेंटरकडे नंतर जा.

घाटरस्ता

धागा वाचतोय. माझ्याकडे प्रश्न वेगळाय. व्हिंटेजमध्ये नोंदवली तर ही सगळी कटकट वाचते ना? ५० वर्षांचा काहीतरी नियम आलाय.

कलम_३९

हो, जुलै २०२१ मध्ये नियम आलेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस, बॉडीशेल, इंजिनात मोठे बदल नसलेली. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. पण त्या नंबरावर गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, तिथली ये-जा आणि इंधन-दुरुस्तीला नेणं, एवढंच. सह्यवाट यांना घाटवाटा हिंडायच्यात, त्यात हे बसत नाही. शिवाय व्हिंटेज झाली म्हणून मालकीचा कागद लागत नाही असं कुठेही नाही.

सह्यवाट, आर्मी नंबरात बाणानंतर कुठले दोन आकडे आहेत? ते साल असतं.

सह्यवाट

८७. म्हणजे व्हिंटेज बादच.

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगितलं नसतं. रंगाचं बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले छावणीकर बरोबर बोलतायत, मी तुला हेच सांगणार होतो. मालकाला फॉर्म २१ बद्दल विचारलंय, शोधतो म्हणाला.

तेलकट_बोटं

सहा सिलिंडर पेट्रोल परवडणार आहे का पण? घाटवाटांना जायचं म्हणताय. डिझेल इंजिन टाका सरळ, जोंगात मस्त बसतं, अर्ध्या खर्चात फिराल.

पाना_चौदा

@तेलकट_बोटं, बसतं हे खरं, पण पास व्हायच्या आधी तर अजिबात नको. विक्रीच्या कागदावर जो इंजिन नंबर आणि जे इंधन आहे तेच बॉनेटखाली दिसलं पाहिजे. आणि पास झाल्यावरही कलम ५२ आहेच. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करायचा नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे पक्कं केलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद आलीय. डिझेल टाकलेल्या आणि टीसी बुकात (गाडीच्या नोंदणी पुस्तकात) पेट्रोल लिहिलेल्या जुन्या जीपा आज विकायला काढल्या तर गिऱ्हाईक हात लावत नाही, ते यामुळेच.

आणि मनापासून सांगतो, ते सहा सिलिंडर इंजिन त्या गाडीचा प्राण आहे. कार्ब्युरेटर नीट ट्यून करा, टायमिंग बघा, ब्रेक चिकटत नाहीत ना ते बघा. पेट्रोलच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

दगडी_शिक्का

माझ्या चुलत्यांकडे दुसऱ्या महायुद्धातली जीप आहे, डाव्या हाताचं स्टिअरिंग. ती भारतात पासच होत नाही असं एक एजंट म्हणाला. खरंय का?

कलम_३९

नाही. कलम १२० वाचा. डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवायला बंदी नाही, फक्त नियमात सांगितलेलं यांत्रिक किंवा विजेवरचं सिग्नल यंत्र चालू स्थितीत हवं. जीपच्या मालकीचा कागद काय आहे ते मात्र सांगा, महत्त्वाचं तेच.

पाना_चौदा

आणि ती विलीज आहे की फोर्ड हेही बघा हो, उत्सुकता म्हणून नव्हे, नंबर शोधायला! बंपरमागचा चेसिसचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, उलट्या यू सारखा चौकोनी असेल तर फोर्ड. विलीजला नंबर असतो तो पुढच्या डाव्या बाजूला चेसिसच्या आतून रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर, आणि ती पट्टी ऐंशी वर्षांत बऱ्याचदा गळून पडलेली असते. फोर्डचा थेट डाव्या चेसिसच्या माथ्यावर पंच केलेला असतो. फोर्डने आपल्या बोल्टच्या डोक्यावरसुद्धा 'एफ' कोरलाय. एक एक बोल्ट साफ करत ते अक्षर शोधायला जी मजा येते ती शब्दात सांगता येत नाही.

दगडी_शिक्का

गोल नळी! आत्ता जाऊन बघून आलो. पट्टी आहे पण गंजलीय, काही वाचता येत नाही. टीसी बुक आहे जुनं, सिव्हिल नंबरचं.

पाना_चौदा

टीसी बुक आहे मग जीव भांड्यात पडला. पट्टीला हात लावू नका, गंजावर हलक्या हाताने तेल लावून ठेवा आणि व्यवस्थित फोटो काढा. वायर ब्रश नको. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

सह्यवाट

अपडेट. मालकाने कागदांचे फोटो पाठवलेत. डेपोची डिलिव्हरी ऑर्डर आहे, पैसे भरल्याची पावती आहे, गेटपास आहे. डिलिव्हरी ऑर्डरमध्ये 'वाहने, स्क्रॅप' असं लिहून लॉट नंबर आणि नग दिलेत. चेसिस नंबर एकाही कागदावर नाही. फॉर्म २१ नाही. ज्याने लिलावात घेतलं तो माणूस तिसराच, मालकाकडे त्याने सही केलेला स्टॅम्पपेपर आहे.

मालक वाईट माणूस वाटत नाही. त्याने गाडीवर खूप जीव लावलाय, त्यालाही घेताना कुणीतरी 'आरामात होतं' असंच सांगितलं असणार.

कलम_३९

मग या कागदांवर नोंदणी होणार नाही. स्टॅम्पपेपरने दोन माणसांतला व्यवहार सिद्ध होतो, गाडीची ओळख नाही. फॉर्म २१ त्या तिसऱ्या माणसाच्या नावाने जरी असता तरी सरळ रस्ता होता: आधी त्याच्या नावाने नोंदणी, मग फॉर्म २९-३० ने तुमच्या नावावर. इथे तेही नाही.

मोटारभक्त

काही होत नाही हो, एक उपाय आहे. माझ्या ओळखीत एका भंगार झालेल्या जोंगाचं जुनं टीसी बुक पडून आहे. तो नंबर या चेसिसवर पंच करून

*(पुढचा मजकूर संपादित. कृपया बेकायदेशीर सल्ले देऊ नयेत. – व्यवस्थापन)*

रानजाई

व्यवस्थापनाचे आभार. सह्यवाट, असलं काही चुकूनसुद्धा करू नका. ज्या गाडीसाठी बाबांनी आयुष्य घातलं तिच्यावर खोटा नंबर ठोकून ती त्यांच्या दारात उभी करायची?

कलम_३९

शिवाय कलम १९२ ब वाचा. खोट्या कागदांवर नोंदणी मिळवली किंवा चेसिसवरचा नंबर आणि टीसी बुकातला नंबर वेगळा निघाला तर किमान ६ महिने ते १ वर्ष कैद, वर वार्षिक टॅक्सच्या दहापट किंवा आजीवन टॅक्सच्या दोनतृतीयांश, यातलं जे जास्त असेल तो दंड. आणि गाडी जप्त झाली की पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात सडते, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

छावणीकर

सह्यवाट, वाईट वाटून घेऊ नका. देशात आधीच सिव्हिल नंबर मिळालेल्या जोंगा आहेत. फौजेतूनच लिलावात निघालेल्या, त्या काळी रीतसर पास झालेल्या. त्यातली एखादी शोधा. पत्रा कुजका असला तरी चालेल, पत्रा नवा करता येतो. कागद नवा करता येत नाही.

तेलकट_बोटं

+१ काकांना. माझा डिझेलचा सल्ला मागे घेतो. एका जुन्या मित्राच्या ओळखीत अशी एक जोंगा आहे, दुसऱ्या जिल्ह्यातली, शेडमध्ये उभी. टीसी बुक आहे, नूतनीकरण राहिलंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सह्यवाट

तेलकट_बोटं, व्यनि मिळाला, काल बाबांना घेऊन बघून आलो. हूड फाटलंय, फ्लोअर गेलाय, इंजिन फिरतंय. टीसी बुकातला चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळतो, इंजिनचाही. इंधन पेट्रोल लिहिलंय आणि पेट्रोलच आहे. पहिल्या मालकाने फॉर्म २१ ची प्रत जपून ठेवलीय, प्लास्टिकच्या पिशवीत. बाबा गाडीखाली सरकले ते बराच वेळ बाहेरच येईनात.

रंग मात्र टीसी बुकात 'ग्रीन' लिहिलाय आणि गाडी ऑलिव्ह ग्रीनच आहे. आता काय?

कलम_३९

अभिनंदन! क्रम असा ठेवा. विक्रेत्याकडून आधी टॅक्स आणि जुने चलान यांचा हिशोब मिटवून घ्या. १५ वर्षांवरची गाडी आहे तेव्हा महाराष्ट्रात पर्यावरण कर लागेल, तो व्यवहारात कोण भरणार ते आत्ताच बोला. नूतनीकरण फॉर्म २५ ने, त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागेल, पास झाली की पुढची ५ वर्षं. ट्रान्सफर फॉर्म २९ आणि ३०. रंग बदलणार आहात तर अर्जात नवा रंग लिहून टीसी बुकात नोंद बदलून घ्या, म्हणजे रस्त्यावर कुणी विचारलं तर कागद आणि गाडी सारखेच बोलतील. आणि हाय सिक्युरिटी नंबरप्लेट विसरू नका.

रानजाई

विमा चालू आहे का बघा. नसेल तर तपासणीला नेतानासुद्धा टोइंगच करा. एवढं सगळं करून शेवटच्या दहा किलोमीटरसाठी जोखीम नको.

सह्यवाट

विमा संपलाय, टोइंगच करणार. रंग वाळूचा, बाबांनी छावणीकरांचं नाव घेऊनच ठरवलाय. पुढच्या आठवड्यात चेसिस उघडी करायला घेतोय.

पाना_चौदा

थांबा थांबा. चेसिस उघडायच्या आधी नंबरची पेन्सिल छाप घ्या, दोन-तीन कागदांवर, आणि जवळून फोटो काढा ज्यात नंबरासोबत आजूबाजूचा चेसिसचा भागही दिसेल. मग त्या जागेवर ग्रीस लावून वर मास्किंग टेप. सँडब्लास्टवाल्याला आणि पेंटरला, दोघांनाही बोट ठेवून दाखवा की इथे काही करायचं नाही, पुट्टी तर नाहीच नाही. पेंटरला नुसतं सांगून भागत नाही, स्वतः तिथे उभे राहा.